वेदीवरची भाकर आणि शेजाऱ्याचे ताट

ख्रिस्ती उपासना बाहेरून पाहणाऱ्या माणसाला हा एकच धर्म आहे की अनेक, असा प्रश्न पडला तर त्यात नवल नाही. वसईच्या चर्चमधली मिस्सा, नगरच्या मंडळीतले प्रभुभोजन, केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांची धूप, घंटा आणि पडद्यासह चालणारी कुर्बाना, मुक्तिफौजेची ब्रास बँडच्या तालावरची सभा, यांची भाषा वेगळी, वेश वेगळे, गाण्याच्या चालीही वेगळ्या. कुठे धर्मगुरू भाकरीपुढे गुडघे टेकतो, तर कुठे भाकर आणि द्राक्षारस यांना उपासनेत जागाच नाही. या सगळ्यांना एका सूत्रात ओवणारे काय आहे, हा या पुस्तकाचा विषय आहे. ते सूत्र म्हणजे स्वतःला देऊन टाकणारे प्रेम, असे पुस्तकाचे उत्तर आहे.

उत्तर चटकन पटते, आणि म्हणूनच ते जपून घ्यायला हवे. प्रेम कोणत्या धर्माने शिकवले नाही? त्याग कोणी वाखाणला नाही? तेव्हा या प्रस्तावनेत दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. ख्रिस्ती उपासनेत या प्रेमाला नेमका कोणता आकार आहे, ही पहिली. आणि तो आकार उपासनेचा विषय आहे तितकीच उपासनेची कसोटीही आहे, ही दुसरी. ख्रिस्ती समाजाने उपासनेचा विषय कधी सोडला नाही. कसोटीला मात्र तो अनेकदा उतरलेला नाही. पुढील प्रकरणे वाचताना या दोन्ही बाजू डोळ्यांपुढे असाव्यात.

आधी आकाराविषयी. जगातल्या बहुतेक उपासनांत माणूस देवाला काही वाहतो. फूल, फळ, धान्य, पशू, नवस, उपास असे ते काहीही असेल. ख्रिस्ती उपासनेच्या मुळाशी ही दिशा उलटलेली आहे. येथे पहिले अर्पण देवाकडून माणसाकडे आले, अशी श्रद्धा आहे. प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, एक लयबद्ध उतारा आहे. तो पौलाच्याही आधी मंडळ्यांत गायले जाणारे गीत असावा, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. देवाच्या बरोबरीचा असलेला ख्रिस्त ती बरोबरी धरून न बसता रिकामा झाला, दास झाला, क्रुसावरच्या मरणापर्यंत खाली उतरला, असा त्या गीताचा आशय आहे. रोमन राज्यात क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. सभ्य माणसे तिचे नाव घेणेही टाळत. त्या काळात कोणी देवाची स्तुती गाताना या शिक्षेचे वर्णन गावे, ही ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटावी अशीच गोष्ट होती. पण हा मजकूर उपदेशाच्या ओघात येतो, याकडे लक्ष द्यावे. फिलिप्पैच्या लोकांत कुरबुरी होत्या. ज्याचे गीत तुम्ही गाता त्याच्यासारखे एकमेकांशी वागा, एवढेच पौलाला त्यांना सांगायचे आहे. गीत आणि वागणूक यांची गाठ पहिल्या पिढीतच बांधली गेली ती अशी.

करिंथच्या मंडळीला लिहिताना तर तो याहून कडक होतो. प्रभूच्या शेवटच्या भोजनाची सर्वांत जुनी लेखी हकिकत आपल्याला मिळते ती करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात. ते पत्र इसवी सनाच्या सहाव्या दशकाच्या मध्यावरचे, म्हणजे शुभवर्तमाने लिहिली जाण्याआधीचे आहे. ही हकिकत पौलाने का लिहिली? विधी कसा करावा हे शिकवायला नव्हे, तर भांडायला. करिंथमध्ये सुखवस्तू लोक लवकर येऊन आपापले जेवण उरकून घेत, पिऊन तर्र होत, आणि कामावरून उशिरा येणाऱ्या गरिबांच्या वाट्याला उपास येई. अशा पंगतीला प्रभूचे भोजन म्हणताच येणार नाही, असे पौल त्यांना बजावतो. भाकर मोडली, शब्द बरोबर म्हटले, पण शेजारचा उपाशी राहिला, तर विधी झालाच नाही. दोन हजार वर्षे वेदीपुढे म्हटले जाणारे शब्द अशा एका फटकाऱ्याच्या पोटात जपले गेले आहेत, हे विसरता कामा नये.

योहानाच्या शुभवर्तमानात हीच गोष्ट वेगळ्या रीतीने येते. मत्तय, मार्क आणि लूक शेवटच्या भोजनाच्या रात्री भाकर आणि प्याला यांची हकिकत देतात. योहान ती देत नाही. त्याच्या तेराव्या अध्यायात येशू पंक्तीवरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पाय धुणे हे घरातल्या गड्याचे काम. पेत्र पाय मागे घेतो, आणि त्याचा संकोच त्या काळच्या मानाने अगदी योग्य आहे. इतरांनी जिथे भाकर ठेवली तिथे योहानाने घंगाळ ठेवले, आणि त्या दोन्हींचा अर्थ एकच असल्याचे न सांगता सांगितले. आज्ञा गुरुवारी हा प्रसंग अनेक चर्चमध्ये प्रत्यक्ष केला जातो. 1955 साली पोप बारावे पायस यांनी पवित्र सप्ताहाच्या विधींची फेरमांडणी केली, तेव्हा पाय धुण्याचा विधी गुरुवार संध्याकाळच्या मिस्सेत आला. पण नियमाप्रमाणे पाय पुरुषांचेच धुतले जात. 2013 साली पोप फ्रान्सिस रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि त्यांनी ज्या बारा जणांचे पाय धुतले त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. 2016 साली नियमच बदलला. खाली वाकण्याच्या विधीतही कोणापुढे वाकायचे याची वर्गवारी शिरू शकते, हे या छोट्या इतिहासावरून दिसते.

पहिल्या शतकांतल्या उपासनेची माहिती आपल्याला काही अंशी परक्यांकडूनच मिळते. काळ्या समुद्राकाठच्या प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सुमारे 112 साली सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारले की या ख्रिस्ती लोकांचे काय करावे. हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात, इतकेच त्याच्या हाती लागले होते. अधिक काही काढून घेण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. त्या मंडळीच्या सेविका होत्या. ज्या समाजात दासीच्या शब्दाला छळाशिवाय साक्षीचे मोल नव्हते, त्या समाजात ही मंडळी दासींना पद देत होती.

पुढे सुमारे 155 साली जस्टिन या तत्त्वज्ञाने रोममध्ये आपल्या धर्माचे समर्थन लिहिले. त्यात रविवारच्या उपासनेचा क्रम आहे. वाचन, उपदेश, प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस. आजच्या कोणत्याही मिस्सेचा किंवा प्रभुभोजनाचा सांगाडा त्यात ओळखू येतो. पण जस्टिन तिथे थांबत नाही. जे हजर नसतात त्यांच्यापर्यंत सेवक भाकर पोचवतात, ज्यांच्याकडे आहे ते आपखुशीने देतात, आणि तो निधी अनाथ, विधवा, रोगी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी राखला जातो, असे तो त्याच दमात सांगतो. आज आपण ज्याला ‘अर्पण’ म्हणतो, ती थैली उपासनेच्या मध्ये येते ती इथून. मिझोरममधल्या ख्रिस्ती घरांत 1910 पासून एक रीत आहे. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी बाई शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढते, आणि तो तांदूळ मंडळीच्या कामाला जातो. तिथल्या चर्चचे मोठे व्याप या मुठींवर उभे राहिले. म्हणजे त्या घरांत उपासनेतले अर्पण चुलीपाशीच सुरू होते.

तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात मोठी साथ आली. तिथला बिशप दियोनिसियस याने त्या काळात पुनरुत्थान सणाचे जे पत्र लिहिले, त्यात साथीत शुश्रूषा करताना मेलेल्या ख्रिस्ती लोकांची नोंद आहे. अशा मरणाला तो हौतात्म्याच्या बरोबरीचे ठरवतो. शतकभराने अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोम प्रवचने देत होता. वेदीवर सोन्याचे प्याले मांडायचे आणि दाराबाहेर कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाहायचे नाही, ही कसली भक्ती, असे त्याने श्रीमंत श्रोत्यांना तोंडावर विचारले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही सर्वाधिक चालणारा उपासनाविधी याच माणसाच्या नावाने ओळखला जातो. दर रविवारी ज्याच्या नावाची उपासना चालते त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दर रविवारी नव्याने द्यावे लागते.

या सूत्राचे सर्वांत उघड दर्शन होते ते उत्तम शुक्रवारी. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक यात्रेकरू पश्चिमेकडून यरुशलेमला गेली. तिने लिहिलेल्या प्रवासवर्णनात गुलगुथा येथला शुक्रवार आहे. क्रुसाचे मानलेले लाकूड मेजावर ठेवलेले, बिशप ते दोन्ही हातांनी धरून बसलेला, आणि भोवती सेवकांचा पहारा. पहारा अशासाठी की पूर्वी कोणीतरी चुंबन घेण्याच्या निमित्ताने लाकडाचा तुकडा दातांनी तोडून नेला होता, असे तिच्या कानावर आले होते. ज्याने सर्वस्व दिले त्याच्या आठवणीतूनही काही तरी आपल्या पदरात पाडून घ्यावे, ही माणसाची ओढ इतकी जुनी आहे.

आपल्याकडच्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना चालते आणि क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचने होतात. एकाही शुभवर्तमानात हे सातही एकत्र नाहीत. तीन लूकमधले, तीन योहानातले, आणि एक मत्तय व मार्क यांतला. ते एकत्र करून तीन तासांची उपासना बसवली ती सतराव्या शतकाच्या अखेरीस पेरू देशातल्या लिमा शहरातल्या जेझुइट धर्मगुरूंनी. पोपच्या सत्तेविषयी ज्यांच्या मनात शंभर हरकती, त्या मंडळ्यांनी जेझुइटांची ही रीत आपलीशी केली, आणि आज ती कोणाची हे कोणी विचारतही नाही. स्तोत्रांचेही असेच झाले आहे. क्रुसासंबंधी आयझॅक वॉट्सचे जे प्रसिद्ध स्तोत्र 1707 मध्ये छापले गेले, ते लिहिणारा इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरचा होता. आज ते कॅथलिकही गातात. वादाचे मुद्दे बाजूला राहतात आणि क्रुसाचे गीत सीमा ओलांडून जाते, हा अनुभव इतिहासात वारंवार येतो.

वाद मात्र खरे होते, ते पुसून टाकण्यात अर्थ नाही. 1529 साली मारबुर्गच्या किल्ल्यात मार्टिन ल्युथर आणि झुरिकचा झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा कलमांवर त्यांचे जुळले. पंधरावे होते प्रभुभोजनाचे. भाकरीत ख्रिस्त प्रत्यक्ष असतो की नाही यावर ते अडले, आणि धर्मसुधारणेची चळवळ तिथेच दुभंगली. तिकडे 1562 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने मिस्सा हे खरे बलिदान आहे, क्रुसावर जो अर्पिला गेला तोच वेगळ्या रीतीने येथे अर्पिला जातो, असे ठासून सांगितले. ल्युथरचा आक्षेप नेमका यालाच होता. आपण देवाला काही देत नाही, देव आपल्याला देतो, असे त्याचे म्हणणे. नीट पाहिले तर दोन्ही पक्षांना एकाच गोष्टीची काळजी होती. ते देणे फुकट जाऊ नये, आणि त्यावर माणसाने मालकी सांगू नये. पण ज्या भोजनाने एक करायचे त्याच भोजनावरून ते शतकानुशतके वेगळ्या पंक्तींना बसले, ही शोकांतिका शिल्लक राहतेच.

विसाव्या शतकात या पंक्ती जवळ आणण्याचे प्रयत्न झाले. त्यांतला एक आपल्या घरचा आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. बिशप मानणारे आणि न मानणारे, तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे आणि न देणारे एका मेजाशी आले. बाप्तिस्म्यासारख्या प्रश्नावर कोणी कोणाला हरवले नाही. दोन्ही रीतींना जागा ठेवली गेली. आपले तेच खरे हा हट्ट सोडणे हाही त्यागाचाच प्रकार, आणि संस्थांना तो व्यक्तींपेक्षा जड जातो. 1982 मध्ये त्याच लिमा शहरात जागतिक चर्च परिषदेच्या आयोगाने बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवापद यांवर एक समान निवेदन मान्य केले. प्रभुभोजन घेणाऱ्याला समाजातल्या अन्यायाशी तडजोड करता येणार नाही, असा त्यातला सूर करिंथच्या पत्राशी थेट नाते सांगतो.

मुक्तिफौजेचे उदाहरण याहून बोलके आहे. या संघटनेने 1883 मध्ये बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच बंद केले. त्याच्या आदल्याच वर्षी, 1882 मध्ये, तिचे लोक मुंबईत उतरले होते. विधी नाहीत, मग उरले काय? नगरच्या इव्हँजेलिन बूथ इस्पितळाकडे बोट दाखवता येईल. ज्यांच्या उपासनेत भाकर मोडली जात नाही, त्यांच्याकडेही मोडलेल्या भाकरीचा अर्थ असू शकतो. ज्यांच्याकडे ती रोज मोडली जाते, त्यांनी हे उदाहरण मनात ठेवावे.

मराठी उपासनेकडे आता वळू. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 मध्ये राशोल येथे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत, पण रोमन लिपीत. ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा ओवीच्या छंदात, पुराणाच्या घाटात येथे पहिल्यांदा लोकांच्या कानी पडली. ग्रंथ मोठा आहे यात शंका नाही. पण त्याच गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन चालू होते आणि साष्टीतली देवळे पाडली गेली होती, हेही त्याच पानावर लिहायला हवे. आपणहून स्वतःला देणाऱ्याची कथा सक्तीच्या सावलीत सांगितली गेली. कथेचा त्यात दोष नाही, पण सांगणाऱ्यांच्या सत्तेचा निश्चित आहे.

नारायण वामन टिळकांनी ही गाठ वेगळ्या रीतीने सोडवली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग, ओवी, पदे आणि कीर्तन यांतून उपासना मराठी केली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. क्रुसावरचा ख्रिस्त त्यांच्या गीतांत माउली होतो, सखा होतो, गुरू होतो. वारकरी कानाला ही नाती परकी नाहीत. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही तिथे यावेत, हा त्यामागचा विचार होता. मिशनची सुरक्षित चाकरी सोडून त्यांनी हे पाऊल उचलले. त्यांची पदे मराठी ‘उपासना संगीता’त आजही मंडळ्या गातात. त्या गाण्यांमागे जगलेले काही तरी आहे, म्हणून ती टिकली.

याच देशात करिंथही पुन्हा घडले. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जातीप्रमाणे वेगळी आसने आणि प्रभुभोजनाला वेगळे क्रम चालत. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हे ताबडतोब आणि कायमचे बंद करावे असा आदेश काढला, तेव्हा कित्येकांनी चर्च सोडले, पण जात सोडली नाही. आदेशाने प्रश्न मिटला असता तर दलित ख्रिस्ती लेखकांना आपल्या काळातही हा विषय मांडावा लागला नसता.

शेवटी एका धोक्याविषयी, कारण या पुस्तकाच्या विषयाचा दुरुपयोग फार सोपा आहे. त्यागाचे प्रवचन बहुधा वरून खाली दिले जाते. मार खाणाऱ्या बाईला क्रूस उचलायला सांगितले जाते, वेठीला धरलेल्या मजुराला सोसण्याचे पुण्य सांगितले जाते. शुभवर्तमानात याला आधार नाही. योहानाचा ख्रिस्त स्पष्ट सांगतो की त्याचा प्राण कोणी हिरावून घेत नाही, तो आपणहून देतो. जे हिसकावले गेले ते अर्पण नव्हे. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली केडगावला आणल्या तेव्हा स्वतःची झोप आणि पैसा दिला, पण त्या मुलींना सोसायला शिकवले नाही. त्यांना वाचायला, छापायला, कमवायला शिकवले. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच जुळवून छापले. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी 23 मार्च 1980 च्या रविवारी प्रवचनातून सैनिकांना आपल्याच लोकांना मारू नका असे बजावले. दुसऱ्या दिवशी एका इस्पितळाच्या छोट्या प्रार्थनामंदिरात मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घातली गेली. त्यांचे बलिदान गप्प बसण्यातून आले नव्हते, बोलण्यातून आले होते. स्वतःला देणे आणि स्वतःला पुसून टाकू देणे यांत फरक आहे, आणि जी उपासना हा फरक शिकवत नाही ती बलवानाच्या सोयीची होते.

पुढील प्रकरणांत बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पवित्र सप्ताह, स्तोत्रे, लग्न आणि अंत्यविधी यांचा क्रमाने विचार आहे. ख्रिस्ती वाचकाला त्यातले बरेच ओळखीचे वाटेल. त्याने ओळखीच्या शब्दांवरून घाईने पुढे जाऊ नये. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाने श्रद्धेचे दावे मान्य केलेच पाहिजेत असे नाही. या विधींत माणसे काय करतात आणि का करतात, एवढे समजून घेतले तरी पुरे. दोघांनीही प्रत्येक प्रकरणाला एकच प्रश्न विचारावा: या विधीतून उठून घरी गेलेला माणूस कोणासाठी काय सोडायला तयार होतो? जिथे उत्तर मिळणार नाही तिथे लेखकाला जाब विचारावा. आणि आपल्या मंडळीत उत्तर मिळत नसेल, तर पौलाने करिंथला विचारला तसा तो तिथेही विचारावा. पौलाने तो विचारला तेव्हा ख्रिस्ती उपासनेचा ग्रंथ अजून लिहिलाही गेला नव्हता. म्हणजे हा प्रश्न उपासनेला मागाहून चिकटलेला नाही, तो तिच्या आरंभापासून तिच्या आत आहे.